राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत: शाई आणि जलरंगांत माणसे कशी रेखाटावीत

माणसे एका जागी थांबत नाहीत, ही रस्त्यावर बसून रेखाटन करू लागलेल्या प्रत्येकाची पहिली अडचण असते. वहीत डोके काढून होईपर्यंत समोरच्या गृहस्थांनी पाय बदललेला असतो, आणि पाय काढायला घ्यावेत तोवर ते बसमध्ये चढून निघून गेलेले असतात. इंदुरात रामबाग वस्तीतून निघून होळकरांचा जुना राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या स्मारक-छत्र्या आणि सराफा बाजार असे हिंडत अनेक वर्षे शाईने आणि जलरंगांनी माणसे रेखाटल्यावर माझी एक गोष्ट पक्की झाली आहे. माणूस हलतो, परंतु तो पुन्हा पुन्हा त्याच ढबीकडे परत येतो. सराफ्यात भुट्ट्याचा कीस परतणारा माणूस गिऱ्हाइकाकडे वळतो, पैसे घेतो, घाम पुसतो, आणि मग उलथने हातात घेऊन अगदी त्याच कोनात कढईवर ओणवतो. वाट पाहणारी बाई पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्या हातात घेते. हे परत येणे ओळखता आले की घाई संपते. पुढे सांगितलेली सगळी रीत याच एका निरीक्षणावर उभी आहे.

ज्यांना घरात बसून थोडेफार रेखाटन येते, पण चारचौघांत वही उघडण्याचा धीर होत नाही, त्यांना समोर ठेवून मी हे लिहीत आहे.

साहित्य: जेवढे मांडीवर मावेल तेवढेच

वही ए-५ आकाराची आणि पुठ्ठ्याच्या कडक बांधणीची असावी, कारण बाजारात टेबल मिळत नाही आणि वहीच टेबलाचे काम करते. कागद किमान २०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा, घ्यावा. ३०० जीएसएमचा मिळाल्यास उत्तम, कारण पातळ कागद पाणी पडताच फुगतो आणि रंग खोलगट भागांत जाऊन साचतो. कोल्ड प्रेस्ड कागदाला हलका खरखरीतपणा असतो. त्यावर रंग सुंदर बसतो, परंतु अगदी बारीक निब अडखळते, म्हणून पेनाची निब मध्यम जाडीची ठेवावी. शंभर टक्के कापसाचा कागद रंग शांतपणे शोषतो आणि दुसरा वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या पातळ रंगाचा हात, दिला तरी खालचा फारसा उचलला जात नाही. तो महाग असतो, हे खरे आहे. म्हणून सरावाच्या वहीत साधा कागद आणि महिन्यातून दोन-चार वेळा जमून बसणार असू तेव्हा कापसाचा, अशी वाटणी मी करतो.

रंगांची पेटी लहान ठेवावी. बर्न्ट सिएना, यलो ऑकर, अल्ट्रामरीन, ॲलिझरीन क्रिमझन आणि एक स्वच्छ पिवळा, एवढ्या पाच रंगांवर माणसांचे सगळे काम भागते. ट्यूबमधले रंग रिकाम्या हाफ पॅनमध्ये, म्हणजे रंगाच्या चिमुकल्या चौकोनी वाट्यांत, भरून दोन-तीन दिवस वाळू दिले की छोट्या पत्र्याच्या डबीत सहज बसतात. ब्रश दोनच घ्यावेत: टोक नीट जुळणारा ८ नंबरचा गोल ब्रश आणि पोटात पाणी भरून नेता येणारा वॉटर ब्रश. सोबत जुन्या सुती धोतराचा किंवा ओढणीचा हातभर तुकडा आणि झाकणाची छोटी बाटली. कापडाच्या तुकड्याला कमी लेखू नये. जलरंगातले अर्धे कौशल्य ब्रशमधले पाणी कमी करण्यात असते आणि ते काम हा तुकडा करतो.

शाईची परीक्षा घरीच घ्यावी

शाईबाबत मात्र सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण नवोदितांचे सर्वाधिक नुकसान इथेच होते. जलरंगाखाली टिकणारी शाई आणि फाउंटन पेनात चालणारी शाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत वापरली जाणारी निळी किंवा काळी शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते. ती पेनात उत्तम चालते, पण तिच्यावर ओला ब्रश फिरताच रेघ पसरते. उलट पारंपरिक काळ्या ड्रॉइंग शाईत बहुधा लाखेचे द्रावण असते. ती कागदावर वाळली की पाण्याला दाद देत नाही, मात्र फाउंटन पेनात भरली तर निबेखालच्या जिभेत वाळून पेन कायमचे बंद पाडू शकते. ही शाई टाकाने किंवा बोरूनेच वापरावी. फाउंटन पेनासाठी अतिसूक्ष्म कणांची, पाण्याने न विरघळणारी पिगमेंट शाई मिळते, आणि ती घेतल्यास दर दोन-तीन आठवड्यांनी पेन कोमट पाण्याने धुणे हा नियम करावा लागतो. हा व्याप नको असेल त्यांनी ०.३ आणि ०.५ मिलिमीटरची पिगमेंट शाईची बारीक टोकाची तयार फाइनलाइनर पेने घ्यावीत. सुरुवातीला तीच सोयीची पडतात.

एका दुकानात “पक्की आहे” म्हणून मिळालेली बाटली मी एकदा न तपासता पेनात भरली होती. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी पायरीवर टेकलेल्या एका वृद्ध गृहस्थांचे रेखाटन त्या सकाळी मनासारखे साधले होते. काठीवर ठेवलेले दोन्ही हात आणि त्या हातांवर टेकलेली हनुवटी एका ओघात आली होती. गळ्याखाली सावलीचा पहिला वॉश दिला आणि दाढी, हनुवटी, बोटे अशी सगळी एका निळसर डबक्यात विरून गेली. तेव्हापासून प्रत्येक नव्या बाटलीची परीक्षा मी वहीच्या शेवटच्या पानावर घेतो. एक रेघ ओढायची, एक मिनिट थांबून तिच्यावर ओला ब्रश फिरवायचा. दुसरी रेघ ओढून पाच मिनिटांनी तेच करायचे. बाजूला शाईचे नाव आणि तारीख लिहायची. कोणती शाई किती वेळात पक्की होते ते त्यामुळे कळते, आणि पावसाळ्यात हाच वेळ लांबतो हेही लक्षात येते.

विरघळणारी शाई पूर्णपणे टाकून देऊ नये. तिचे दुसरे पेन सोबत ठेवले की ती फार उपयोगी पडते. मुख्य रेघा पक्क्या शाईने काढाव्यात, आणि जिथे सावली हवी आहे तिथे, म्हणजे हनुवटीखाली, काखेत, पदराच्या आतल्या बाजूला, विरघळणाऱ्या शाईच्या चार-पाच रेघा द्याव्यात. वॉटर ब्रशचे टोक त्या रेघांना लावताच करडी सावली तयार होते. हाताशी दोनच मिनिटे असतील तेव्हा रंगपेटी उघडण्यापेक्षा हा मार्ग बरा.

कुठे बसावे

जागा निवडताना आधी स्वतःची पाठ सांभाळावी. मागे भिंत, खांब किंवा बंद दुकानाचे शटर असले की मागून डोकावणारे कमी होतात आणि मन कागदावर राहते. समोरचा माणूस पंधरा-वीस फुटांवर असावा. त्याहून जवळ बसल्यास तो डोक्यापासून पायांपर्यंत एका नजरेत मावत नाही. मान वर-खाली करत काढावे लागते आणि प्रमाण हमखास चुकते.

सुरुवात वाट पाहणाऱ्या माणसांपासून करावी. रेल्वे स्टेशनबाहेरची बाके, सिटी बसचे थांबे, नेहरू पार्कमधल्या संध्याकाळच्या बैठका इथे माणसे पाच-दहा मिनिटे तरी एका ढबीत असतात. त्यानंतर एकच काम वारंवार करणाऱ्यांकडे वळावे: चांभार, रस्त्याकडेचा शिंपी, फुलांच्या माळा ओवणाऱ्या बायका, पोहेवाले. चालणाऱ्या माणसांना, म्हणजे राजवाड्यासमोरच्या गर्दीला, सर्वांत शेवटी हात घालावा. बहुतेक जण उलट करतात. पहिल्याच दिवशी राजवाड्यासमोर जाऊन बसतात, त्या सात मजल्यांत आणि माणसांच्या लोंढ्यात गोंधळतात आणि वही महिनाभर उघडत नाहीत.

ओटल्यावर बसायचे तर दुकानदाराला आधी विचारावे. “भैया, आधा घंटा यहाँ बैठ जाऊँ? चित्र बनाना है,” एवढे पुरते. मला तरी आजवर नकार क्वचितच मिळाला आहे. दुकानाचा दर्शनी भाग मात्र अडवू नये, आणि गिऱ्हाईक आले की सरकून बसावे.

रेघ: आधी काय जाणार आहे ते काढावे

वही उघडली तरी पेन लगेच चालवू नये. पहिली तीन-चार मिनिटे केवळ पाहावे आणि मनात मोजावे की हा माणूस कोणकोणत्या ढबींत थांबतो, त्यांतली कोणती सर्वाधिक वेळ टिकते आणि कोणती नक्की परत येते. मग कागदावर तीन बारीक ठिपके द्यावेत: डोक्याचा माथा, कंबर आणि पाय टेकलेली जागा. शाई खोडता येत नाही, म्हणून आकृती पानाबाहेर जाऊ नये याची खात्री या तीन ठिपक्यांनीच होते. उभ्या प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे सात ते साडेसात पट असते. खुर्चीवर बसलेला माणूस माथ्यापासून जमिनीपर्यंत साधारण पाच डोक्यांचा भरतो. तीन-चार वर्षांचे मूल पाचाच्या आसपास असते, आणि हे विसरल्यामुळेच पुष्कळांच्या चित्रांतली मुले बुटक्या प्रौढांसारखी दिसतात. सवय नसलेला हात प्रौढांची डोकी मोठी काढतो, कारण आपले लक्ष चेहऱ्यावर असते. डोके जेवढे वाटते त्याहून किंचित लहान काढावे, म्हणजे ते योग्य येते.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. जे सर्वांत आधी बदलणार आहे ते आधी काढावे. मानेचा कल आणि हातांची जागा क्षणात बदलते, म्हणून पहिल्या दहा सेकंदांत मानेची तिरपी रेघ, खांद्यांची रेघ आणि कोपर ते मनगट एवढे टिपून घ्यावे. धड त्यानंतर, पाय त्याही नंतर. स्टूल, टोपली, हातगाडी या वस्तू कुठेही जात नाहीत. त्यांना शेवटी वेळ द्यावा. चेहऱ्याच्या बाबतीत मी फार कंजूष आहे. कपाळाचा कोन, नाकाची एक रेघ आणि डोळ्यांच्या खोबणीतली सावली एवढ्यावर माणूस ओळखू येतो, कारण ओळखीचा माणूस आपण लांबून चालीवरून आणि खांद्यांवरून ओळखतो, पापण्यांवरून ओळखत नाही.

उभ्या माणसाचा भार कोणत्या पायावर आहे ते पाहणे ही त्यातली कळ आहे. सारा भार एका पायावर असेल तर गळ्याची खळगी त्या पायाच्या घोट्याच्या जवळपास सरळ वर येते. त्या बाजूचे नितंब उचललेले आणि बहुधा त्याच बाजूचा खांदा खाली आलेला असतो. पेन उभे धरून डोळ्यासमोर ओळंब्यासारखे लावून पाहावे. ही एक उभी रेघ साधली की आकृती जमिनीवर उभी राहते, आणि ती चुकली तर कपड्यांच्या कितीही चुण्या काढल्या तरी माणूस पडत असल्यासारखा दिसतो. चुण्यांबद्दल एवढेच सांगेन की त्या कोपर, गुडघा, कंबर आणि काख येथे, म्हणजे जिथे कापड ताणले किंवा दाबले जाते तिथे काढाव्यात. इतरत्र कागद मोकळा सोडावा. साडीत खांद्यावरून तिरका येणारा पदराचा काठ ही एक रेघ सगळ्या शरीराचा डौल सांगते.

चुकलेली रेघ तशीच ठेवून तिच्या शेजारी बरोबर रेघ द्यावी. रंग चढल्यावर डोळा बरोबर रेघच धरतो. आणि माणूस मध्येच उठून गेला तर पान सोडून देऊ नये. त्याच जागी येऊन बसणाऱ्या दुसऱ्याचे पाय पहिल्याच्या धडाला जोडता येतात. एका पानावर अशा तीन-चार आकृत्या अर्धवट सुरू ठेवाव्यात आणि ज्याची ढब परत येईल त्याच्याकडे पेन न्यावे.

चालणाऱ्या माणसांसाठी वेगळा सराव लागतो. दहा सेकंद पाहायचे, नजर वहीकडे वळवायची आणि आठवणीतून वीस सेकंदांत काढायचे. पावलांतला जो क्षण टिपायचा तो दोन्ही पाय जमिनीला लागून सर्वांत जास्त फाकलेले असतानाचा. मागच्या पायाची टाच उचललेली असते आणि तो पाय पुढच्यापेक्षा किंचित आखूड दिसतो. आमच्या शहरात दुचाकीवरच्या मुली ओढणीने संपूर्ण चेहरा गुंडाळून घेतात. आठवणीतून काढण्याच्या सरावाला त्या फार सोयीच्या आहेत, कारण चेहऱ्याचा मोह सुटतो आणि पाठीचा बाक, हँडलवरचे हात आणि गाठीचे उडणारे टोक एवढ्यावरच लक्ष राहते.

गर्दीची एक आडवी रेघ

गर्दी काढणे अवघड वाटते, परंतु तिला एक साधा नियम आहे. सपाट रस्त्यावर आपल्या डोळ्यांची पातळी सर्व उभ्या माणसांना शरीराच्या जवळपास एकाच ठिकाणी छेदते, मग ते जवळ असोत की दूर. आपण उभे राहून काढत असू तर आपल्या उंचीच्या सर्वांचे डोळे एका आडव्या रेघेवर येतात. साध्या स्टुलावर बसलो असू तर तीच रेघ प्रत्येकाच्या छातीच्या खालच्या भागातून जाते. बुटक्या मुढ्यावर असलो तर कमरेतून. जवळच्याचे डोके या रेघेच्या बरेच वर आणि पाय बरेच खाली; दूरच्याचे डोके आणि पाय दोन्ही रेघेच्या जवळ सरकलेले. पानावर ही रेघ आधी मनात धरून तीन माणसे जवळची आणि नीट काढावीत, त्यांच्यामागची दहा-बारा नुसत्या डोक्या-खांद्यांनी सुचवावीत, आणि त्यांच्यातली अंतरे मुद्दाम असमान ठेवावीत. घोळके आणि मोकळ्या जागा मिळूनच राजवाड्यासमोरची संध्याकाळ होते. मागची इमारत दोन-तीन रेघांत आटोपावी; खालचे तीन दगडी मजले आणि वरचे चार लाकडी, यांच्यामधला पोताचा फरक रंगाच्या एका छटेने दाखवला तरी राजवाडा ओळखू येतो.

इंदूरला या कामाची मोठी परंपरा आहे, हे इथे सांगावेसे वाटते. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली इथे कलाशाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, देवकृष्ण जोशी आणि विष्णू चिंचाळकर तिथूनच पुढे आले. त्यांच्या पावलांनी झिजलेल्या याच रस्त्यांच्या कडेला आपण वही उघडतो, हे आठवले की माझा संकोच कमी होतो.

रंग: भरायचे नाहीत, सोडायचे

रेघांच्या चौकटीत काठोकाठ रंग भरण्याची सवय मोडणे हे पहिले काम आहे. शाईने आकार सांगून झालेला असतो. रंगाने उजेड सांगायचा असतो. उजेड कुठून येतो ते आधी ठरवावे आणि त्या बाजूचा माथा, खांदा, मांडी यांवर कागद कोरा सोडावा. रंग रेघेच्या थोडा बाहेर गेला किंवा अलीकडे थांबला तर चित्राला हवा मिळते.

पाण्याचे प्रमाण शब्दांत सांगणे कठीण आहे. मी घरातल्या ताकावरून ते समजावतो. पहिला वॉश ताकावर येणाऱ्या निवळीइतका पातळ असावा, दुसरा ताकाइतका आणि शेवटचे मोजके गडद ठिपके दह्याइतके. पहिला वॉश देताना चेहरा, सदरा, पाय आणि जमीन यांना वेगळे वेगळे न रंगवता एकाला लागून दुसरा रंग ओला असतानाच सोडावा, म्हणजे ते कडांवर एकमेकांत मिसळतात आणि माणूस त्याच्या जागेशी जोडला जातो. यानंतर थांबणे आवश्यक आहे. मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर पारा असताना हा वॉश पाहता पाहता वाळतो आणि मोठा वॉश मध्येच डाग धरतो, म्हणून उन्हाळ्यात लहान भाग घ्यावेत आणि ब्रश भरलेला ठेवावा. श्रावणात तोच वॉश दहा मिनिटे ओला राहतो. तेवढ्या वेळात पुढच्या पानावर दुसरी आकृती सुरू करावी. वाळला की नाही हे हाताची पालथी बाजू कागदाजवळ नेऊन पाहावे. कागद गार लागला तर अजून ओल आहे.

दुसरा वॉश सावलीचा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून उत्तम करडा होतो. निळा जास्त घेतला तर थंड, तांबूस जास्त घेतला तर उबदार. हनुवटीखालून सुरू करून गळा, हाताखालची बाजू, कमरेची कड, पायांच्या मधला भाग आणि तिथून जमिनीवर पडलेली सावली असा ब्रश न उचलता शक्य तितका एकच सलग आकार करावा. जमिनीवरची सावली पायाला चिकटलेली असलीच पाहिजे, नाहीतर माणूस तरंगतो. यासाठी सकाळी नऊच्या आधीचा आणि दुपारी चारनंतरचा उजेड चांगला. भर दुपारी सावली पायांखालीच गोळा होते आणि चेहऱ्यांवर मात्र कपाळाची गडद छाया येते.

त्वचेसाठी तयार “स्किन” रंगाची ट्यूब घेऊ नये. तिच्यात पांढरा मिसळलेला असतो, तो वॉश खडूसारखा मेणचट दिसतो आणि आपल्याकडच्या कोणत्याच त्वचेशी जुळत नाही. बर्न्ट सिएनात थोडा यलो ऑकर आणि पुष्कळ पाणी घेतले की गव्हाळ वर्ण येतो. त्यातच अल्ट्रामरीन वाढवत गेले की सावळा आणि काळासावळा वर्ण जिवंत राहतो, फक्त मिश्रण तांबूस बाजूला ठेवावे, करड्याकडे जाऊ देऊ नये. नाक, कान आणि बोटांची पेरे ओली असताना ॲलिझरीनचा एक कण टेकवावा. पांढरे धोतर किंवा सदरा म्हणजे कोरा कागद आणि फिकट निळसर सावली. त्याला तिसरे काही लागत नाही.

एका पोहेवाल्याची वीस मिनिटे

हे सगळे एकत्र कसे येते ते एका सकाळच्या उदाहरणाने सांगतो. थंडीचे दिवस, सकाळचे साडेसात वाजलेले, समोर पोह्यांची गाडी. वाफेवर ठेवलेले मोठे पातेले, बाजूला शेव, कांदा, कोथिंबीर आणि जिरावणाचा, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याचा, डबा. पहिली चार मिनिटे मी वही मिटलेलीच ठेवली आणि मोजले की प्रत्येक प्लेटला तो चार ठिकाणी थांबतो: पातेल्यावर ओणवा होऊन पोहे घेताना, मुठीने शेव टाकताना, तीन बोटांच्या चिमटीत जिरावण घेऊन ते भुरभुरताना, आणि प्लेट पुढे करताना. यांतले जिरावण भुरभुरणे सर्वांत सुंदर होते. डावा तळहात प्लेटखाली पसरलेला, उजवे मनगट वर उचलून वाकलेले, मान डावीकडे कललेली आणि नजर चिमटीवर. ते दोन-तीन सेकंदच टिकत असे, पण दर प्लेटला न चुकता परत येई.

पाचव्या मिनिटाला तीन ठिपके दिले. पहिल्या प्लेटला मान आणि खांदे, दुसऱ्या प्लेटला उजवा हात, तिसऱ्या प्लेटला केवळ मनगट आणि ती तीन बोटे. बोटे तीन वेगळ्या रेघांनी काढली नाहीत. त्यांचा मिळून होणारा चोचीसारखा एक आकार काढला. चौथ्या-पाचव्या प्लेटला डावा हात आणि मफलरची गाठ. मधल्या वेळात, तो पैसे मोजत असताना, पातेले आणि गाडीचे चाक. अकराव्या मिनिटाला रेघ संपली होती. वाफ दाखवण्यासाठी पातेल्यावरचा भाग आधीच कोऱ्या पाण्याने ओला केला आणि मागच्या भिंतीचा फिकट करडा रंग त्या ओलाव्याच्या कडेपर्यंत आणून सोडला; तो स्वतःच मऊ विरत गेला. चेहऱ्याला आणि हातांना एक वॉश, पोह्यांना पिवळ्याचा एक स्पर्श, स्वेटरला अल्ट्रामरीन, आणि वाळल्यावर हनुवटीपासून चाकाखालपर्यंत सावलीचा एक सलग आकार. विसाव्या मिनिटाला ब्रश पुसून ठेवला.

चित्र त्याला दाखवले. त्याने चेहऱ्याकडे पाहिलेही नाही, जिरावणाचा डबा मी मांडणीसाठी दुसऱ्या बाजूला घेतला होता, त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “भैया, ये डिब्बा तो इस तरफ रहता है.” त्याच्या हाताची सगळी वाट त्या डब्याच्या जागेवरून ठरलेली होती. तेव्हापासून कामाच्या वस्तू मी आहेत तिथेच काढतो.

रात्रीचा सराफा

दिवसा सोन्या-चांदीची दुकाने आणि रात्री खाण्याच्या गाड्या, असा सराफा रात्रीच काढावासा वाटतो. मात्र पिवळ्या दिव्यांखाली जलरंग फसवतात. पिवळा वॉश कागदावर दिसतच नाही आणि निळा काळपट भासतो, त्यामुळे सकाळी घरी वही उघडल्यावर भलतेच चित्र समोर येते. म्हणून तिथे रात्री केवळ शाई आणि एक करडा वॉश वापरावा. रंगांची नोंद आकृतीशेजारी अक्षरांत करावी, उदाहरणार्थ “पगडी केशरी, कढईची कड पिवळी, मागे अंधार”, आणि रंग दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात द्यावेत. तिथला उजेड बहुधा समोरून किंवा गाडीवर टांगलेल्या दिव्यातून येतो, त्यामुळे पाठी आणि गिऱ्हाइकांच्या कडा गडद राहतात. पाठमोऱ्या गिऱ्हाइकांचा एक सलग काळसर आकार करून त्यांच्या फटींतून उजळलेला विक्रेता दाखवला की रात्र आपोआप येते.

लोकांशी वागणे

आपण कोणाकडे तरी टक लावून पाहत असतो, हे विसरू नये. नजरानजर झाली तर हसून वही दाखवावी. कोणी नापसंती दाखवली तर वाद न घालता पान उलटावे. प्रार्थनेत असलेली, आजारी, रडणारी किंवा रस्त्यावर झोपलेली माणसे मी काढत नाही. त्यांच्याकडे त्या वेळी नाही म्हणण्याची ताकद नसते. मुलांना काढायचे असेल तर सोबतच्या आईला किंवा आजीला विचारावे. एकदा रामबागेत नातवाला घेऊन बसलेल्या आजी म्हणाल्या, “काढा की, पण तीट लावलेली काढा हं.” ती तीट काढली. पान मागितले गेले तर द्यायचे की नाही हे आधीच ठरवून ठेवावे. मी मूळ पान देत नाही, परंतु दोन मिनिटांत त्याच माणसाचे छोटे रेखाटन वेगळ्या कागदावर करून देतो.

घरी परतल्यावर

पानाच्या कोपऱ्यात जागा, तारीख आणि वेळ लिहावी. वेळ लिहिलेली असली की त्याच माणसाच्या त्याच ढबीसाठी पुन्हा केव्हा जावे हे कळते. ओली पाने मिटू नयेत, दोन पानांमध्ये कापडाचा तुकडा ठेवून आणावीत. ब्रश साध्या पाण्याने धुऊन टोक बोटांनी जुळवावे आणि आडवा ठेवून वाळवावा. पेनात पिगमेंट शाई असेल आणि आठवडाभर बाहेर पडणे होणार नसेल, तर उरलेली शाई बाटलीत परत न ओतता टाकून द्यावी, पाणी नितळ येईपर्यंत पेन धुवावे आणि निब खाली करून फडक्यावर रात्रभर निथळत ठेवावे.